वेल्डिंगची काळी काच की ऑटो डार्क हेल्मेट?

ग्रिल-गेटच्या कामात डोळ्यांना आर्क (वेल्डिंगचा झगझगीत झोत) लागते ती बहुतेकदा टॅक, म्हणजे पट्टी जागेवर पकडायचा छोटा टाका मारताना. एका हातात होल्डर, दुसऱ्या हाताने पट्टी दाबलेली. मग काळ्या काचेची शील्ड धरणार कोण? कारागीर डोळे मिटतो आणि टाका मारतो. दिवसभर काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं झोपेच्या वेळी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं आणि उजेड सहन होत नाही. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजलेला असतो.

हातातली शील्ड दोन-तीनशे रुपयांत येते. सेल नाही, सेन्सर नाही, काच तडकली की बदलायची. साध्या रॉडच्या कामाला, साधारण 60 ते 160 अँपिअरवर, 10 नंबरची काच चालते (नंबर जितका मोठा, तितकी काच गडद). करंट वाढला की 11-12. जाड प्लेटवर लांब रन (सलग वेल्डिंग) ओढायचे असतील तर हिच्यासारखी बिनतक्रार वस्तू नाही. अडचण एकच: आर्क पेटेपर्यंत काचेतून काहीच दिसत नाही, म्हणून शील्ड आधी बाजूला धरली जाते आणि चेहऱ्यावर यायला क्षणभर उशीर होतो.

ऑटो हेल्मेटमध्ये तो क्षणच राहत नाही. आधी 3-4 नंबरइतकी फिकट असलेली काच आर्क पेटताच 9 ते 13 पर्यंत गडद होते, दोन्ही हात मोकळे. काच गडद व्हायला लागणाऱ्या, खोक्यावर ठळक छापलेल्या 1/25,000 सेकंदाला मात्र भुलू नका. चांगल्या हेल्मेटमध्ये अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचाच असतो, सेल संपला तरी. त्यापेक्षा आर्कचा उजेड ओळखणारे सेन्सर मोजा. दोनच असतील आणि पाइपच्या आड वाकून काम करताना ते झाकले गेले, तर आर्क चालू असतानाच काच पुन्हा फिकट होते. कमी करंटच्या टिगवरही (टंगस्टनच्या टोकाने होणारं वेल्डिंग) स्वस्त हेल्मेट लुकलुकतं. ऑटो काचेच्या युरोपीय मानकाचा (ईएन 379 किंवा त्याच्या जागी आलेलं ईएन आयएसओ 16321) शिक्का नसेल तर हजार-बाराशेचं हेल्मेट घेण्यापेक्षा शील्डच बरी.

रोज टॅकचं काम असेल तर चार सेन्सरचं ऑटो घ्या, पैसे वसूल होतात. महिन्यातून एखादं काम करणाऱ्याने त्यात पैसे अडकवू नयेत.

कोणतंही घेतलं तरी एक जादा शील्ड हेल्परसाठी घ्याच. पट्टी धरून आर्कच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो, आणि त्याच्या डोळ्यांवर असलाच तर गॅस कटिंगचा 5 नंबरचा चष्मा असतो. आर्कसमोर तो पुरत नाही.