ऑनलाइन जाहिरातीचा रविवारचा क्लास, नौपाडा : पैसे वसूल

माझा घरगुती फराळाचा धंदा आहे, ऑनलाइन जाहिरातीत पैसे नेमके कुठे जातात ते कळत नव्हतं म्हणून नौपाड्यातल्या या क्लासला गेले. सरांनी गूगलवरची केस जी समजावली ना, कमाल! म्हणाले, वाशीच्या मार्केटात कांदा विकणाऱ्याचा दलाल तोच, घेणाऱ्याचा दलाल पण तोच आणि लिलाव होतो ते आवार पण त्याचंच, मग भाव कोण ठरवणार? वेबसाइटवाले जाहिरातीची जागा विकतात ते सॉफ्टवेअर गूगलचं, त्या जागेचा लिलाव होतो ते एक्स्चेंज पण गूगलचं, त्यात साधारण 20 टक्के कमिशन. अमेरिकन सरकारने 2023 ला केस टाकली आणि एप्रिल 2025 मध्ये जज लिओनी ब्रिंकेमा यांनी या दोन्हीत बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला, जाहिरातदार ती जागा विकत घेतात त्या गूगलच्या टूल्सबद्दलचा आरोप मात्र टिकला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपियन युनियनने पण गूगलला 2.95 अब्ज युरो दंड लावला. सरांनी फळ्यावर 100 रुपये लिहून एकेक कट पुसत दाखवला, ते बघून मला खरंच राग आला. खोली लहान आहे, मागे बसलात तर फळा दिसत नाही, लवकर जा. प्रॅक्टिकलला वेळ कमी पडला, तो वाढवायलाच हवा.