समाधानाचा फॉर्म की पीएचक्यू-९?

समुपदेशनाचा उपयोग होतोय का, हे बघायला यातला कोणता फॉर्म घ्यावा? सीएसक्यू-८ हा मिळालेल्या सेवेबद्दलच्या समाधानाचा फॉर्म: आठ प्रश्न, गुण ८ ते ३२. भरायला सोपा, पण सहसा तो भरतात टिकून राहिलेले लोक. दुसऱ्या भेटीनंतर यायचे थांबले, त्यांचं मत कुठेच उमटत नाही. म्हणून आकडे गोड दिसतात.

पीएचक्यू-९ हा नऊ प्रश्नांचा फॉर्म मागच्या दोन आठवड्यांतली नैराश्याची लक्षणं मोजतो, ० ते २७. ठरावीक अंतराने भरून घेतला, तर १८ वरून १२ वर आलेला माणूस कागदावर दिसतो. ५ गुणांची घट खरा फरक मानतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर त्याच भेटीत बोलायलाच हवं, नुसतं फाइलला लावून चालत नाही.

एकच निवडायचा तर मी पीएचक्यू-९ घेईन. कामावर परत रुजू झालात का, हे मात्र वेगळं विचारावं लागतं.