तळाशी थोडी कीड ठेवली, तर फिलिंग टिकतं का?

"कीड खोल गेलीय. तळाची थोडी तशीच ठेवून वर फिलिंग करू." डेंटिस्टने असं सांगितलं की पोटात गोळा येतोच. घाण ठेवून वर झाकण? भिंत रंगवणारासुद्धा आधी पोपडे खरवडतो! शंका रास्त आहे. पण भिंतीच्या पोटात जिवंत नस नसते, दाताच्या असते, आणि सगळी कीड काढण्याच्या हट्टात ती उघडी पडली की गाडी रूट कॅनलच्या दिशेने वळते.

तुमच्यासमोर तीन वाटा असतात. कडक डेंटीन (दाताच्या वरच्या टणक कवचाखालचा, नसेभोवतीचा थर) लागेपर्यंत सगळीकडून कोरणं, ही जुनी पद्धत. दुसरी दोन टप्प्यांची: थोडी कीड ठेवून तात्पुरतं फिलिंग, मग काही महिन्यांनी ते उघडून उरलेली काढायची. तिसरी निवडक सफाईची: खड्ड्याच्या कडा स्वच्छ, नसेजवळचा थर तसाच, आणि एकाच बैठकीत कायमचं फिलिंग.

आता झाकण पक्कं बसण्याचा प्रश्न. किडलेलं डेंटीन सगळं सारखं नसतं. वरचा थर ओला नि मऊ असतो, जंतूंनी भरलेला, त्यातले कोलॅजन या प्रथिनाचे धागे कामातून गेलेले. खालचा चामड्यासारखा. त्यातलं खनिज गेलेलं असतं, पण धागे शाबूत असतात आणि तो पुन्हा खनिज धरू शकतो. जपानचे दंतसंशोधक फुसायामा यांनी 1970च्या दशकात रंगद्रव्य वापरून या दोन थरांतला फरक दाखवला. फिलिंग दाताला चिकटवणारा बाँडिंगचा द्रव निरोगी डेंटीनच्या धाग्यांत शिरून तिथेच घट्ट होतो. किडक्या भागात पाणी जास्त आणि सूक्ष्म नळ्या खनिजकणांनी बुजलेल्या, त्यामुळे तिथे पकड कमजोर येते. चामड्यासारख्या थरावर ती निरोगी डेंटीनपेक्षा कमी असते, मऊ थरावर आणखी कमी.

म्हणजे निवडक सफाई झाकण बिघडवते? कीड कुठे ठेवली, यावर ते ठरतं. लाळ आणि जंतू आत शिरतात ते कडेने, तळातून नव्हे. कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसतं आणि कडेवर ताण देतं. तो ताण झेलायला तिथे निरोगी इनॅमल (दाताचं टणक कवच) आणि डेंटीन हवंच. प्रयोगशाळेत भरलेले दात 5 आणि 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आळीपाळीने बुडवतात, मग रंगात ठेवून कापून बघतात. कडेला कीड ठेवली की रंग आत पळतो. तळाशी ठेवून कड नीट साफ केली, तर गळतीत सहसा फारसा फरक दिसत नाही. माझ्या मते, "किती कीड ठेवणार?" यापेक्षा "कडेला किती रुंद पट्टा निरोगी मिळेल?" हा प्रश्न डेंटिस्टला विचारावा. दोनेक मिलिमीटर मिळत असेल तर निर्धास्त व्हा.

झाकण पक्कं असेल तर आतल्या जंतूंचं अन्न तुटतं. अमेरिकेत मर्ट्झ-फेअरहर्स्ट यांच्या गटाने दाढांच्या वरच्या पृष्ठभागावरची कीड न काढताच बाँड केलेलं कंपोझिट बसवलं आणि 10 वर्षं पाठपुरावा केला. 1998मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कीड पुढे सरकली नव्हती. उपचार म्हणून कुणी एवढं टोक गाठावं असं नाही.

नसेच्या बाजूने पाहिलं तर आकडे बोलके आहेत. 2010च्या ब्यॉर्नडाल यांच्या चाचणीत सगळी कीड एकदम काढताना 28.9 टक्के दातांत नस उघडी पडली, दोन टप्प्यांत 17.5 टक्के. ब्राझीलच्या माल्ट्झ यांच्या 2012च्या चाचणीत तीन वर्षांनी नस जिवंत राहण्याचं प्रमाण निवडक सफाईत 91 टक्के होतं, दोन टप्प्यांत 69. कारण अगदी माणसाचं आहे: दुखायचं थांबलं की अनेक जण दुसऱ्या बैठकीला फिरकतच नाहीत, आणि तात्पुरतं सिमेंट झिजून गळू लागतं. तारखा पाळण्याचा तुमचा लौकिक नसेल, तर दोन टप्प्यांची वाट सोडा.

निवडक सफाईला खोटही आहे. मऊ थरावर बसलेल्या फिलिंगला खालून आधार कमी, त्यामुळे प्रयोगशाळेत असे दात कमी दाबाला फुटलेले दिसतात. म्हणूनच ती खोल किडीसाठी राखून ठेवावी. कीड उथळ असेल तर नसेला धोका नाही, मग तळही घट्ट लागेपर्यंत साफ करून घ्या. तिथे वादच नको.

हिरडीखाली गेलेल्या कडेबाबत मी साशंक आहे. तिथे इनॅमल पातळ किंवा नसतंच, रक्त-लाळ आवरत नाही, दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, धड बसत नाही. कडच पक्की होणार नसेल, तर तळाशी कीड ठेवण्याचा आधारच जातो. दात रात्री ठणकत असेल, विनाकारण दुखत असेल किंवा गारव्याची कळ बराच वेळ रेंगाळत असेल, तरी ही तुलना बाजूला ठेवा. नस आधीच हातची गेलेली असू शकते.

निवडक सफाई केलीत, तर केसपेपरवर तशी नोंद आणि त्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या. पुढे फिलिंगखाली काळी सावली दिसली की नवा डेंटिस्ट ती नवी कीड समजून चांगलं बसलेलं झाकण उघडायला निघतो. जुना एक्स-रे शेजारी धरला, की ती सावली वाढलीय की तेवढीच आहे, हे लगेच कळतं.