घोरपडीचा डायनोसॉर आणि हाताने हलवलेला डायनोसॉर

नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर आदिमानव आणि डायनोसॉरच्या चित्रपटांच्या तीन जुन्या डीव्हीडी मिळाल्या, ६० रुपयांना एक. आमचं गाव वरोरा तालुक्यातलं, पिसदुऱ्याच्या बाजूचं. कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर गोदामाच्या चुना मारलेल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. पंधरा-वीस पोट्टे जमले, चार-पाच म्हातारी माणसंही आली.

पहिला चित्रपट १९४० चा, ‘वन मिलियन बी.सी.’. एक मोठं जनावर पडद्यावर आलं तशी समोर बसलेली आजी म्हणाली, ‘‘हे तं घोरपडीच्या जातीचं होय रे! पाठीवर काय चिकटवलं तिच्या?’’ तिने बरोबर ओळखलं. त्यात खरे सरडे आहेत आणि पाठीवर खोटा तुरा डकवलेलं मगरीचं पिलू आहे, आणि कॅमेरा जवळ नेऊन ते मोठे केलेले. त्यांना एकमेकांवर सोडलं आहे. ती झुंज खरी आहे. मला ती बघवली नाही. मुक्या जनावराला असं झुंजवणं वाईटच, आणि एवढं करून ते डायनोसॉर वाटतही नाही.

दुसऱ्या डीव्हीडीचं नाव वेगळं, नट वेगळे, पण मधेच तीच मगर, तीच झुंज! विकणाऱ्याने एकच माल दोनदा दिला असं मला वाटलं. तसं नव्हतं. १९४० ची ती दृश्यं पुढे कितीतरी स्वस्त चित्रपटांनी जशीच्या तशी घेतली. स्वतः एकही जनावर उभं न करता पोस्टरवर डायनोसॉर छापायचा, हा धंदा. ही डीव्हीडी घेऊ नका.

आता तिसरी. ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’, १९६६, इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा. यातली जनावरं रे हॅरीहाउसेन या माणसाने हाताने हलवली आहेत. आत सांधे असलेली लहान बाहुली, तिला जरासं हलवायचं, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. सुरुवातीला यातही एक खरा इग्वाना सरडा मोठा करून दाखवला आहे, तो मला खटकलाच. पण अ‍ॅलोसॉरस हा मांसाहारी डायनोसॉर वस्तीत शिरतो तेव्हा आमचं गोदाम चिडीचूप झालं. बुजलेला बैल कसा मान आधी वळवतो आणि अंग मागाहून आणतो? हा अगदी तसाच वळतो. जन्मभर ढोरं राखलेल्या बाबाजींनी तेवढा तुकडा मला दोनदा लावायला लावला. टेरॅनोडॉन हा उडणारा प्राणी नायिकेला उचलून नेतो तिथे बारकी पोट्टी आईला बिलगली. चित्रीकरण कॅनरी बेटांवरचं आहे, ज्वालामुखीचा काळा दगड सगळीकडे. संवाद जवळपास नाहीत, नुसते हाका आणि हुंकार, म्हणून इंग्रजी येत नसेल तरी काही अडत नाही. कपडे मात्र नावापुरते आहेत, घरच्यांसोबत बसताना हे ठाऊक असू द्या.

एक गोष्ट मी मधेच थांबवून पोरांना सांगितली. डायनोसॉर संपले सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, आणि आपल्यासारखा माणूस आला जेमतेम तीन लाख वर्षांपूर्वी. चित्रपटाच्या नावातली दहा लाख वर्षं धरली तरी दोघांची गाठ पडत नाही. ‘‘मंग आपल्याकडं होते का?’’ एकाने विचारलं.

होते. आपल्या डोंगरगावला लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा सापडला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट म्हणजे आय.एस.आय.च्या लोकांनी तो अभ्यासला, म्हणून त्याचं नाव आयसिसॉरस. आणि पिसदुऱ्याला त्यांचं शेण सापडतं, दगड झालेलं! त्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले, ते संशोधन २००५ मध्ये छापून आलं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं याचा पुरावा आपल्या शिवारातल्या शेणाने दिला. हे ऐकताना पोट्ट्यांचे डोळे पडद्यापेक्षा माझ्याकडे जास्त होते.

शाळेत दाखवायचा असेल तर तिसराच दाखवा, पण वर्षांचा हिशोब आधी फळ्यावर मांडा. माझी डीव्हीडी कुणाला हवी असेल तर नेऊ द्यायला तयार आहे, फक्त पोळ्याच्या आत परत द्या. बाबाजींना अ‍ॅलोसॉरस पुन्हा पाहायचा आहे.