रझा की गायतोंडे: अमूर्त चित्र बघायला कुठून सुरुवात करावी?

अमूर्त, म्हणजे ओळखीचं दृश्य न दाखवणाऱ्या चित्रासमोर पहिला प्रश्न येतो, 'यात आहे काय?' चित्रकार सय्यद हैदर रझा त्याला उत्तर देतात. काळा बिंदू, त्रिकोण, पंचमहाभूतांचे रंग; कधी कॅनव्हासवर चक्क देवनागरी अक्षरं. लहानपणी रझांना मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्यावर मन एकाग्र करायला लावलं होतं, हे कळलं की बिंदू उलगडतो.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) अशी खूणच ठेवत नाहीत. बहुतेक चित्रांना नावही नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत, कुठे कागद लावून रंग उचलून घेत. जवळ जाऊन नीट पाहिलं तर एकाच पिवळ्याखालून दुसरे रंग वर येताना दिसतात. त्याला वेळ द्यावा लागतो. लोक मात्र 'हे कुणीही काढेल' म्हणत पुढे सरकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दोघेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. नवख्याला सहसा रझा सुचवतात, कारण ते समजावून सांगता येतात. मी मुलांना आधी गायतोंड्यांकडे नेईन. तिथे आधीपासून काहीच ठाऊक असावं लागत नाही.