उपचार उत्तम, पण नोंदवही काउंटरवर उघडी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या खासगी प्रसूतिगृहाबद्दल हे लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही. आमच्याकडे दवाखाना आणि बाजाराचा दिवस एवढे कळले, तरी तिथे गेलेली बाई कोणाच्या घरची, हे लोक ओळखतात.

डॉक्टर मॅडम अनुभवी आहेत. तपासताना घाई करत नाहीत, सोबतच्या माणसांना बाहेर बसवून बाईशी एकटीशी बोलतात, आणि सज्ञान बाईच्या गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, हा नियम येथे खरोखर पाळला जातो. फीदेखील वाजवी आहे.

अडचण आहे ती काउंटरवर. नाव, गाव, वय आणि येण्याचे कारण लिहिलेली वही तिथे उघडी पडलेली असे, आणि पैसे भरायला उभ्या असलेल्या कोणालाही आधीच्या नोंदी सहज वाचता येत. माझ्या नात्यातील एका बाईच्या वेळी तर कंपाउंडरने ‘पिशवी साफ करायची आहे ती पेशंट कोण?’ असे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले. बाकावर आमच्याच गावच्या दोघी बसल्या होत्या. मान खाली घालून ती उठली, ते मला अजून सहन होत नाही.

गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव व तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतरांना सांगणाऱ्या डॉक्टरला, वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार, एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २००३ च्या नियमावलीप्रमाणे तर प्रवेश नोंदवही गोपनीय ठेवायची, संमतिपत्र बंद लिफाफ्यात घालायचे आणि केसपेपरवर नावाऐवजी अनुक्रमांक लिहायचा असतो. याला ना संगणक लागतो, ना जास्तीचा खर्च. मग ज्या बाईचा गर्भ आपोआप पडला, किंवा जी मूल होत नाही म्हणून आली, तिलाही हीच काळजी का मिळू नये?

हे मॅडमना सांगितल्यावर त्यांनी वही आत हलवली आणि आता नंबरने हाक मारतात, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र अजूनही केसपेपरवरील मोबाइलवर पाठवतात, आणि तो नंबर बहुधा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. म्हणून जाणाऱ्या बाईने केसपेपर काढतानाच आपला स्वतःचा नंबर द्यावा, आणि तो नसेल तर रिपोर्ट कागदावर, आपल्याच हाती द्यावा, असे सांगून ठेवावे.