‘दोनदाच वापरलेलं’ रीळ आणि त्याच्या पोटातला माल

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरून गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय, कारण ज्याने मला रॉडवर बसवायचं, दोरा गुंडाळायचं रीळ विकलं तो अजून रिळं विकतोच आहे. त्याचं नाव देत नाही. आज एका नावाने असतो, उद्या दुसऱ्या. पद्धत मात्र तीच आहे, म्हणून पद्धत सांगतो.

हा धंदा चालतो कशावर? चांगल्या रिळाच्या किमतीवर. लाटांत कंबरेपर्यंत उभं राहून १२ फुटी रॉडने १०० ग्रॅमचं शिसं भिरकवायचं तर ६००० ते ८००० साइझचं, धातूच्या बॉडीचं रीळ लागतं. प्लास्टिक बॉडीचं स्वस्तातलं रीळ जोर लागला की आतून पिळवटतं, गियर एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि एका मोसमात खुळखुळायला लागतं. बरं नवीन रीळ घ्यायचं तर दहा हजारांपासून पुढे मोजायचे, सील्ड, म्हणजे आत पाणी शिरू नये म्हणून सील बसवलेलं, हवं असेल तर त्याच्याही बरेच वर. मग माणूस सेकंड हँडकडे वळतो, आणि त्यात गैर काही नाही. मुंबईची हौशी मंडळी दर दोन वर्षांनी रीळ बदलतात, त्यांच्याकडून मी आधीही घेतलेलं आहे आणि ते आजही चालतंय.

या वेळी जाहिरात अशी होती: जपानी कंपनीचं, ८००० साइझ, १४ बेअरिंग, पूर्ण सील्ड, भावाने दुबईहून आणलं, दोनदाच वापरलं, पैशांची नड आहे म्हणून विकतोय. किंमत नऊ हजार, म्हणजे नव्याच्या निम्मीच. फोटो झकास. गाठ पडली हातखंबा तिठ्यावर, कारण त्याला म्हणे पुढे कोल्हापूरला जायचं होतं. स्वतःच्या घरी किंवा दुकानात बोलवत नाही, नेहमी हायवेवर भेटतो, हे नंतर इतरांकडूनही कळलं. रीळ मखमली पिशवीत. हँडल फिरवून माझ्या कानाशी धरलं, म्हणाला, “दादा, आवाज येतोय का बघा.” खरंच येत नव्हता. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा बेताने सोडणारा ब्रेक, आवळून हाताने दोरा ओढून दाखवला, बेल, म्हणजे दोरा धरणारी तारेची कमान, खटकन बंद केली. पैसे पाठवताना मोबाइलवर बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं आहे. बिल नाही, खोका नाही. “दुबईचा माल आहे दादा, खोका कुठे सांभाळणार?”

आवाज न येणं, हीच ती युक्ती. झिजलेल्या गियरवर आणि गंजलेल्या बेअरिंगवर जाड ग्रीस थापलं की काही दिवस सगळं गपगार फिरतं. फरक एकच असतो आणि तो हाताला कळतो: हँडलला टिचकी मारून सोडलं तर चांगलं रीळ थोडं पुढे फिरत राहतं, ग्रीसने बुजवलेलं जागच्या जागी थांबतं. विकणारा हँडल कधी सोडतच नाही, सतत स्वतः फिरवत राहतो.

पहिली खूण दिसली थंडीत, भाट्याच्या किनाऱ्यावर, जिथे काजळी नदीचं पाणी समुद्राला मिळतं त्या बाजूला. पहाटेची भरती लागलेली. दोरा ताणला, झटका दिला आणि हँडल उलटं फिरलं. जेमतेम पाव वळसा, मग अडकलं. उन्हं वर आल्यावर बंद झालं, म्हणून दोरा सैल असेल असं वाटलं. कारण वेगळंच होतं. हँडल उलटं जाऊ नये म्हणून आत वन-वे क्लच असतो, बारीक रोलर आणि स्प्रिंगांचा. त्याला तेलाचा एखादा थेंब पुरतो. तिथे ग्रीस कोंबलं की थंडीत ते घट्ट होतं, रोलर चिकटतात आणि क्लच घसरतो. नव्या किंवा दोनदा वापरलेल्या रिळात तिथे ग्रीस जायचं काही कारणच नाही. तिथे ते आहे म्हणजे ज्याला काम कळत नाही अशा कुणीतरी रीळ उघडलं होतं.

मग उधाणाच्या एका रात्री रावस लागला. रावस लागल्यावर काय करतो ते गरवणाऱ्याला सांगायला नको. पहिल्या धावेला ड्रॅग सुटला, थांबला, एकदम सुटला आणि मग गच्च बसला. लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरा, तुटला. मासा गेल्याचं एवढं वाईट नाही वाटलं, मासे जातातच. पण ड्रॅग असा धक्क्याधक्क्याने सुटतो तेव्हा आत काहीतरी नासलेलं असतं.

मिरकरवाड्यात एक चाचा आहेत. आयुष्यभर बोटींची इंजिनं केली, आता घरच्या ओट्यावर रिळं दुरुस्त करतात. त्यांनी रीळ हातात घेतलं आणि फिरवायच्या आधी उलटं करून त्याचा फूट बघितला, म्हणजे रॉडला बसतो तो भाग. तिथे काळा रंग होता, बाकी बॉडीपेक्षा जाड आणि जास्त चकचकीत. नखाने खरवडला तर खाली पांढरी भुकटी आणि खड्डे. रॉडच्या सीटखाली खारं पाणी साचतं आणि ॲल्युमिनियम तिथूनच खायला सुरुवात करतं. “दोन वेळा वापरलेला फूट असा होत नाही,” चाचा म्हणाले. “हे बुडालेलं आहे. वाळूत पडून भरतीत गेलं असणार.”

साइड प्लेटचे स्क्रू काढताना एक स्क्रू बाकीच्यांहून वेगळ्या डोक्याचा निघाला, उरलेल्यांच्या खाचा खाल्लेल्या. प्लेट उचलली तर आत पिवळं ग्रीस श्रीखंडासारखं थापलेलं, गाडीच्या कामाचं. त्यांनी ते काडीने काढून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि बेअरिंगं रॉकेलच्या वाटीत टाकली. रॉकेल तपकिरी झालं. एकेक बेअरिंग पेन्सिलीच्या टोकावर बसवून त्यांनी बोटाने फिरवलं. दोन करकरली, एक फिरलंच नाही. जाहिरातीतल्या चौदापैकी आठच जागेवर होती. बाकीच्या ठिकाणी प्लास्टिकच्या बुशिंग, म्हणजे बेअरिंगऐवजी बसवलेल्या साध्या कड्या. दोरा ज्यावरून वळतो त्या लाइन रोलरमध्येही बुशिंगच. तो रोलर जाम होता आणि ब्रेडेड दोऱ्याने त्यावर बारीक खाच पाडलेली. म्हणजे प्रत्येक फेकीत दोरा घासत होता.

ड्रॅग काढला तेव्हा मात्र चाचांना हसू आलं. या मॉडेलमध्ये काळ्या कार्बनच्या चकत्या असायला हव्यात. होत्या तपकिरी नमद्याच्या, कात्रीने कापलेल्या. एकीची कड इतकी वेडीवाकडी होती की कात्री कुठे थांबली आणि कुठून पुन्हा सुरू झाली ते दिसत होतं.

बॉडी अस्सल, रोटर (दोरा गुंडाळताना फिरतो तो भाग) अस्सल, स्पूल (दोरा ज्यावर गुंडाळला जातो ते) अस्सल. पोटातला माल तेवढा काढून घेतलेला. बुडालेली रिळं लोक भंगारात काढतात, ही माणसं ती पाचशे-हजाराला घेतात. चांगले उरलेले भाग वेगळे विकायचे, सांगाड्यात मिळेल ते भरायचं, वर ग्रीस आणि रंग. नकली रीळ लिहिण्यातल्या चुकीवरून किंवा लोगोवरून ओळखता येतं. इथे तर कव्हर खरंच असतं, त्यामुळे फोटोवरून कोणालाच कळणार नाही.

फोन केला तेव्हा उत्तर तयार होतं: “खारं पाणी आहे दादा, मेंटेनन्स तुम्ही केला नसणार.” हाच माणूस विकताना म्हणाला होता, सील्ड आहे, बादलीत बुडवून धुवा. हे ऐकून कुणी खरंच तसं करेल म्हणून सांगतो. सील्ड रिळावर आयपीएक्सचा आकडा असतो, म्हणजे ते किती पाणी अडवतं त्याचा दर्जा. पेन कंपनीच्या स्पिनफिशर ६ वर आयपीएक्स५ आहे, स्लॅमर ४ वर आयपीएक्स६. हे दोन्ही आकडे अंगावर येणाऱ्या पाण्याच्या धारेचे आहेत: पाचमध्ये मिनिटाला साडेबारा लिटर, सहामध्ये १०० लिटर. पाण्यात बुडवण्याची कसोटी सातपासून सुरू होते, १ मीटर खोल, अर्धा तास. आकडा नुसता ‘सील्ड’ या शब्दात लपवला असेल तर विचारा. शिवाय सील एकदा उघडून नीट बसवलं नाही तर तो आकडा कागदावरच राहतो. दाइवा कंपनीच्या मॅगसील रिळांत तर चुंबकाने धरून ठेवलेलं तेल असतं; त्या जागी कुणी रॉकेल फिरवलं असेल तर सील गेलं म्हणायचं, आणि बाहेरून काही कळत नाही.

धुण्याचं म्हणाल तर मी करतो ते असं. घरी आल्यावर ड्रॅग आवळायचा, नळाचं पाणी हलकं सोडायचं, जोराची धार मारायची नाही, कारण धार मीठ आत ढकलते. मग स्पूल काढून पुसायचं, ड्रॅग सैल सोडायचा म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत, आणि सावलीत वाळवायचं. रोलरला आणि हँडलच्या नॉबला तेलाचा एकेक थेंब. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. तो आतलं ग्रीस पातळ करून वाहून नेतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते वाळून रोलरमध्ये बसलं की कितीही महाग रीळ असो, रोलर आधी जातो.

पैसे परत मिळाले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, पहिला प्रश्न आला: बिल आहे का? नवीन आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं. तेवढं लेबल हातात असलं तरी तक्रार कुणाविरुद्ध करायची हे ठरतं. माझ्याकडे बाईच्या नावाची एक यूपीआय पावती होती. ऑनलाइन पैसे पाठवून माल आलाच नाही असं कुणाचं झालं असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, चार दिवस वाट बघू नका.

त्या सांगाड्यात चाचांनी नवीन बेअरिंगं बसवली. त्यातही एक खोच आहे. दुकानात नुसता नंबर सांगितला तर साधं स्टील हातात येतं. ४ गुणिले ७ गुणिले अडीच मिलिमीटरचं बेअरिंग एमआर७४झेडझेड नावाने मिळतं, ते साधं. नावाच्या सुरुवातीला ‘एस’ हवा, एसएमआर७४झेडझेड, ते स्टेनलेस. चुंबक लावून बघतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बेअरिंगचं चांगलं ४४०सी स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं.

आता तो माणूस. सध्या तो कुडाळ-सावंतवाडीकडे विकतोय असं ऐकतो. परवा एकाने मला त्याचे फोटो पाठवले: तीच मखमली पिशवी, ‘दोनदाच वापरलं’, एकाही फोटोत फूट दिसत नाही. भेटायला जाणार असाल तर तिथेच, त्याच्यासमोर, ड्रॅगचा नॉब फिरवून स्पूल काढा. हत्यार लागत नाही. स्पूलमधली तारेची क्लिप नखाने उचला आणि चकती बघा. कंपनी जी म्हणते तीच आहे ना, कड सरळ आहे ना. स्पूल काढल्यावर दिसणारा शाफ्ट हलवून बघा, बुडाशी तांबूस डाग बघा. लाइन रोलरवर दोरा ताणून सरकवा, रोलर फिरला पाहिजे. हँडल हातातून सोडून टिचकी मारा. फूट खरवडू देत नसेल तर पैसे काढू नका. साइड प्लेट उघडतो म्हटल्यावर मला तरी तो म्हणाला होता, “वॉरंटी जाईल दादा.” बिल नसलेल्या मालाची वॉरंटी.